एकाच टेरेरियममध्ये दोन प्रजाती: ठेवाव्यात का, आणि ठेवायच्याच तर कशा

सरळ उत्तर द्यायचे तर, ठेवू नयेत. टेरेरियम म्हणजे प्राणी पाळायची काचेची टाकी. दोन प्रजातींची मिश्र टाकी बघणाऱ्याला छान वाटते, आत राहणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नसतो. बहुतेक सरडे, साप आणि बेडूक सोबत शोधत नाहीत. शेजारचा प्राणी त्यांच्या दृष्टीने एक तर खाणे असते, नाहीतर उबेच्या जागेतला वाटेकरी. प्राणिसंग्रहालयांत मिश्र दालने दिसतात खरी, पण तिथे जागा खोलीएवढी असते, मागे वेगळे काढायला पिंजरे तयार असतात आणि पशुवैद्य हाताशी असतो.

तरीही विचार असेल, तर आधी कागद घ्या. प्रत्येक प्रजातीसमोर ऊन खाण्याच्या जागेचे तापमान, थंड बाजूचे तापमान, रात्रीचे तापमान, आर्द्रता, अतिनील किरणांची गरज आणि प्रौढ लांबी लिहा. बिअर्डेड ड्रॅगन या कोरड्या प्रदेशातल्या सरड्याला ऊन खायला 38 ते 42 अंश सेल्सिअस तापलेली जागा आणि 30-40 टक्के आर्द्रता लागते. क्रेस्टेड गेको हा पालीच्या जातीचा प्राणी 22 ते 26 अंशांत आणि 60-80 टक्के आर्द्रतेत सुखी असतो. 28 च्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो. इथे अनेक जण मधला मार्ग काढतात: 32 अंश, 50 टक्के. म्हणजे ड्रॅगनचे अन्न नीट पचत नाही आणि गेको उकडतो. सरासरी काढून चालत नाही; दोघांच्या मर्यादा मुळातच एकमेकींत बसल्या पाहिजेत. बसत नसतील तर कागद फाडा आणि दुसरी टाकी घ्या.

आकाराची अडचण लगेच कळते. पॅकमॅन बेडूक तोंडात मावेल ते सगळे गिळतो, कधी कधी स्वतःएवढा बेडूकही. पाणकासवे न्यूट या शेपटीवाल्या उभयचराचे पाय आणि शेपट्या तोडतात.

रोगांची अडचण मात्र दिसत नाही, आणि मिश्र टाक्या बहुतेक वेळा तिथेच फसतात. एखाद्या प्रजातीत वर्षानुवर्षे गुपचूप राहिलेला जंतू दुसरीत जीवघेणा ठरतो. एन्टामिबा इन्व्हेडेन्स हा परजीवी अनेक कासवांच्या आतड्यात काहीही लक्षण न दाखवता राहतो. तोच सापाच्या पोटात गेला की आतडे सडवतो. आफ्रिकन क्लॉड फ्रॉग आणि अमेरिकन बुलफ्रॉग कायट्रिड बुरशी अंगावर बाळगूनही ठणठणीत दिसतात, पण इतर अनेक बेडूक तिने मरतात. रानाव्हायरस तर बेडूक, कासव, सरडा, मासा असा भेद मानत नाही. म्हणून ‘दिसायला निरोगी आहे’ या वाक्याला काही किंमत नाही.

विषाचेही तसेच. फायर-बेलीड टोड आणि न्यूट यांच्या त्वचेतून झिरपणारे विष सामायिक पाण्यात उतरते, आणि बेडकाची त्वचा ते पाणी शोषून घेते. उलट कासवाच्या मलमूत्राने पाण्यात वाढणारा अमोनियाही बेडकालाच आधी भोवतो.

एवढे वाचूनही करायचेच असेल, तर त्यातल्या त्यात टिकण्याजोगी जोडी म्हणजे डार्ट फ्रॉग हे छोटे रंगीत बेडूक आणि मोर्निंग गेको ही छोटी पाल. दोघांना 24-26 अंश आणि भरपूर ओल चालते. बेडूक दिवसा जमिनीवर, गेको रात्री वरच्या फांद्यांत. टाकी उभी घ्या, 60 × 45 × 90 सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि झाडे दाट हवीत. गेकोची आणि बेडकांची पिल्ले दिसली की लगेच वेगळी काढा, एरवी कोणीतरी कोणालातरी खाते. डार्ट फ्रॉगच्या दोन प्रजाती किंवा दोन रंगप्रकार मात्र कधीही एकत्र नकोत. संकर होतो आणि ती वंशावळ बिघडते.

क्रम असा ठेवा. आधी 90 दिवस प्रत्येकाला वेगळ्या खोलीत, खाली साधा पेपर टॉवेल, चिमटे आणि भांडी स्वतंत्र. या काळात काही आठवड्यांच्या अंतराने विष्ठेची तपासणी निदान दोनदा, आणि बेडकांच्या त्वचेच्या स्वॅबची कायट्रिडसाठी पीसीआर चाचणी. मग दोघांनाही नव्याने मांडलेल्या टाकीत एकाच दिवशी सोडा. आधी राहायला आलेला जागा बळकावतो. प्रत्येक प्राण्यामागे दोन लपायच्या जागा. खाणे वेगवेगळ्या वेळी: बेडकांना सकाळी फळमाश्या, गेकोला दिवे मावळल्यावर वर टांगलेल्या वाटीत फळांची पेस्ट. आणि पहिल्या दिवसापासून एक रिकामी, तापमान राखलेली पेटी बाजूला तयार ठेवा. ती नसेल तर हा उद्योग सुरूच करू नका.

दर आठवड्याला वजन करा; लहान बेडकांसाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. वजन दहा टक्के घटले, रंग सतत गडद राहिला, किंवा एक जण कायम एकाच कोपऱ्यात दिसला की वेगळे करा. वाट पाहू नका. एकावर एक चढून बसलेले सरडे प्रेमाने बसलेले नसतात. वरचा खालच्याचे ऊन अडवत असतो.

वेगळे केल्यावर जुनी माती, लाकूड, झाडे सगळे टाकून द्या. कायट्रिड ब्लीचने आणि पूर्ण कोरडे केल्याने मरते. क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्यातला परजीवी मात्र ब्लीचला दाद देत नाही. त्याला अमोनियाचे द्रावण किंवा वाफ लागते. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू निघतो, म्हणून एक वापरून टाकी खळखळून धुऊन वाळवल्याशिवाय दुसऱ्याची बाटली उघडू नका.