ऐकलेली शिकवण पारखावी कशी: कोकणातील ख्रिस्ती घरांसाठी

मे महिन्यात चाकरमानी गावी उतरले, की त्यांच्या सामानाबरोबर मुंबईतल्या एखाद्या नव्या मंडळीची शिकवणही कोकणात उतरते. पडवीत प्रार्थनासभा भरते, बाहेरून आलेले उपदेशक बोलतात, आणि ते परत गेल्यावर जूनच्या पावसात त्यांची ध्वनिफीत मोबाइलवरून घरोघर फिरत राहते. गाव वेंगुर्ले असो, मालवण असो, रत्नागिरी, कोर्लई किंवा वसई असो, आणि आपण कॅथलिक धर्मग्रामातले असा की प्रॉटेस्टंट मंडळीतले, प्रश्न एकच उभा राहतो: जे ऐकले ते खरे धरावे का? परक्या माणसांनी येऊन उपदेश करणे कोकणाला नवे नाही. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ मध्ये आपल्या कामाची सुरुवात बाणकोटलाच केली होती. नवे इतकेच, की आता उपदेशकाला गावात राहावे लागत नाही, आणि त्यामुळे त्याचे रोजचे वागणे कोणाच्या नजरेस पडत नाही.

पारख करणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे पुष्कळ भाविकांना वाटते आणि ते गप्प राहतात. पौलाने थेस्सलनीकाकरांना संदेशांचा धिक्कार करू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा, या दोन्ही सूचना एकापाठोपाठ दिल्या आहेत (१ थेस्सलनीकाकरांस ५:२०-२१). बिरुयाच्या लोकांनी तर खुद्द पौलाचे बोलणे दररोज शास्त्रात पडताळून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली (प्रेषितांची कृत्ये १७:११). मात्र सुरुवातीलाच एक मर्यादा आखून घ्यावी. शिकवणीची पारख करणे आपले काम आहे. शिकवणाऱ्याचा अखेरचा निवाडा देवाचा आहे. निदणाच्या, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाच्या, दाखल्यात मालक चाकरांना ते घाईने उपटायला मनाई करतो आणि कापणीचा दिवस स्वतःकडे ठेवतो. या दोन कामांची सरमिसळ झाली, की पारख करणारा माणूस हळूहळू न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो, आणि त्याला स्वतःला ते सर्वांत शेवटी कळते.

पहिले काम साधे आहे: ऐकलेले लिहून काढावे. सभेतून घरी आल्यावर, गाण्यांचा आणि वाद्यांचा भर मनातून ओसरल्यानंतर, तारीख घालून वहीत तीन गोष्टी नोंदवाव्यात. नेमके काय सांगितले, त्यासाठी कोणते वचन दिले, आणि ऐकणाऱ्याने काय करावे अशी मागणी केली. यांतील तिसरी नोंद बहुधा सर्वांत बोलकी असते. उपदेशकाने भविष्याविषयी काही सांगितले असेल, तर ते त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवावे, कारण सहा महिन्यांनी ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हे उत्तर येऊ शकते.

यानंतरचे काम वेळखाऊ आहे, पण माझ्या मते निम्मी पारख इथेच होते. दिलेले वचन शास्त्रात उघडून, त्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचावा. यिर्मया २९:११ हे उदाहरण घेऊ, कारण हे वचन कोकणातल्या कितीतरी घरांत दिनदर्शिकेवर आणि भिंतीवरच्या चौकटीत लावलेले असते. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे देव त्यात सांगतो. हे वचन घेऊन कोणी म्हणाला, की या वर्षी तुमचे कर्ज फिटेल आणि मुलाला आखातात नोकरी लागेल, तर ऐकणाऱ्याला ते गोड वाटणारच. हे वचन यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला बंदिवान करून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे. आता लगतचे दहावे वचन वाचावे. हे हित बाबेलमधली सत्तर वर्षे भरल्यावर होणार आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढ माणसे तो दिवस पाहणार नव्हती. तोवर त्यांनी परक्या मुलखात घरे बांधावीत, मळे लावावेत, मुलांची लग्ने करावीत आणि त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करावी, असे पत्राच्या आरंभी सांगितले आहे. त्याहून लक्षणीय म्हणजे आठव्या आणि नवव्या वचनांत, तुमच्यातल्या संदेष्ट्यांना तुम्हांला फसवू देऊ नका, असा स्पष्ट इशारा आहे. लवकर सुटका होईल असे सांगणाऱ्यांविरुद्ध लिहिलेल्या पत्रातले वचन आज लवकर सुटका होईल असे सांगण्यासाठी वापरले जाते!

आणखी एक अध्याय मागे गेल्यास असा एक संदेष्टा प्रत्यक्ष भेटतो. हनन्या मंदिरात सर्वांसमोर सांगतो, की दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाने नेलेली पात्रे आणि बंदिवान परत येतील, आणि यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू काढून मोडून टाकतो. यिर्मयाने दिलेले उत्तर नीट पाहण्यासारखे आहे. तो आधी ‘आमेन, परमेश्वर असेच करो’ म्हणतो. मग, शांतीचा संदेश देणाऱ्याचे बोलणे खरे ठरले म्हणजेच त्याला देवाने पाठवले हे कळेल, अशी कसोटी सांगतो. आणि जू मोडल्यावर वाद न घालता निघून जातो. देवाचे वचन आल्यावरच तो परत येऊन हनन्याला तोंडावर खोटे ठरवतो. पाचव्या महिन्यात बोललेला हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मरण पावला, असे शास्त्र नोंदवते. शिक्षा देवाने दिली; यिर्मयाने आपल्या हातांनी काही केले नाही.

वचन पडताळताना दोन भाषांतरे शेजारी ठेवल्यास उपयोग होतो. बायबल सोसायटीचे रूढ भाषांतर बहुतेक घरांत असतेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ वसईच्या बाहेरही वाचले जाते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. मूळ भाषा शिकण्याइतके कष्ट आपण घेतले नाहीत, तरी कपाटातले दुसरे पुस्तक काढण्याइतके घ्यायला हरकत नसावी.

प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी एक वचन नेहमी पुढे केले जाते: माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवाने निवडून नेमलेल्यांना, हात लावू नका (स्तोत्र १०५:१५). ते स्तोत्र वाचल्यास दिसते, की तेथे परमुलखात भटकणाऱ्या मूठभर कुलपित्यांना राजांच्या जुलमापासून राखल्याची आठवण आहे. उपदेशकाला प्रश्न विचारण्याचा तेथे संबंध नाही. आपल्या जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल गुहेत हाती सापडला असतानाही दाविदाने त्याला मारले नाही हे खरे. परंतु गुहेबाहेर येऊन, कापलेला झग्याचा काठ हातात धरून, शौलाच्या माणसांच्या देखत त्याने त्याला त्याचा अन्याय सांगितला, आणि परमेश्वर तुझा-माझा न्याय करो, असे म्हणून विषय देवाकडे सोपवला (१ शमुवेल २४).

पुढचा प्रश्न असा, की आढळलेला फरक गाभ्याचा आहे की काठावरचा. येशू ख्रिस्त देहाने आला हे नाकारणारी शिकवण योहान सरळ बाजूला काढतो (१ योहान ४:२-३), आणि कृपेच्या सुवार्तेत भर घालणारा स्वर्गातला देवदूत असला तरी त्याचे ऐकू नये, असे पौल म्हणतो (गलतीकरांस १:८). प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हटला जाणारा विश्वासाचा जाहीरनामा, पाठ असेल, तर ऐकलेली शिकवण त्याच्या एकेका ओळीशी ताडून पाहता येते. मंडळीने असे मतांगीकार बांधले ते याच कामासाठी, आणि ३२५ मध्ये निकेया येथे जमलेल्या धर्मसभेपुढे पुत्राच्या देवत्वाचाच प्रश्न होता. उलट, गणपतीत शेजारच्या घरून आलेले मोदक खावेत की नाहीत, यावर दोन प्रामाणिक विश्वासणाऱ्यांचे मत वेगळे पडू शकते. रोमकरांस १४ आणि १ करिंथकरांस ८ ते १० हे अध्याय वाचून प्रत्येकाने आपल्या सद्सद्विवेकाप्रमाणे आणि दुसऱ्याला ठेच लागणार नाही अशा रीतीने वागावे. अशा गोष्टींवरून कोणालाही खोटा शिक्षक ठरवू नये. बाप्तिस्म्याची पद्धत किंवा उपासनेची रीत यांवरून मतभेद गंभीर असू शकतात, पण ते बहुधा निरनिराळ्या मंडळ्यांच्या परंपरेतले असतात, आणि त्यांविषयी आपल्या पाळकांना किंवा फादरना शांतपणे विचारता येते.

चमत्कार घडला म्हणून शिकवण खरी, हा निष्कर्ष शास्त्राला मान्य नाही. अनुवाद १३ मध्ये सांगितलेले चिन्ह खरे ठरते, तरी तो संदेष्टा अन्य देवांकडे नेत असल्याने त्याचे ऐकू नये, असा आदेश आहे. आजारी माणसासाठी प्रार्थना करावी. औषध बंद करा असे सांगणाऱ्याला मात्र तेथेच थांबवावे. आजारी हिज्कीया राजाला देव बरे करील असे वचन दिल्यानंतरही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांची चकती बांधायला लावली (यशया ३८:२१). क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या विश्वासाच्या नावाखाली सोडायला लावणे हा वादाचा मुद्दा नाही. रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. जगाच्या अंताची तारीख सांगणाऱ्याविषयी तर फार विचार करायला नको. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, आणि रेडिओवरून बोलणाऱ्या हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली. दोन्ही दिवस इतर दिवसांसारखेच मावळले. तो दिवस पित्यावाचून कोणाला ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ मध्ये आहेच.

पैशाची कसोटी जुनी आहे. आरंभीच्या मंडळीतल्या ‘डिडाखे’ नावाच्या लहान ग्रंथात म्हटले आहे, की फिरता उपदेशक तीन दिवस राहिला किंवा निघताना त्याने पैसे मागितले, तर तो खोटा समजावा. कोकणातला पाहुणचार पाहता तीन दिवसांची अट जरा कडकच वाटेल. दुसरी मात्र आजही चालते.

आता सर्वांत नाजूक भाग, देवाच्या न्यायाविषयीची शिकवण. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड आणि दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तर महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी ‘हा या लोकांवर आलेला देवाचा न्याय आहे’ असे सांगणारा आवाज कुठून तरी उठतोच. तो आवाज पारखायला लूक १३ पुरेसा आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती का, असे विचारून प्रभू स्वतःच ‘नाही’ म्हणतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. तुम्ही पश्चात्ताप न केल्यास तुमचाही नाश होईल, असे ऐकणाऱ्यांना सांगतो. मेलेल्यांकडे वळलेले बोट त्याने ऐकणाऱ्यांकडे वळवले. त्यामुळे न्यायाविषयी कोणी बोलू लागला, की एवढेच पाहावे: तो न्याय कोणाच्या दारात नेऊन ठेवतो? नेहमी शेजाऱ्याच्या, दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या मंडळीच्या दारात ठेवत असेल, तर त्याने पेत्राचे पत्र पुरते वाचलेले नाही, कारण न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो, असे तेथे लिहिले आहे (१ पेत्र ४:१७). शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असे याकोबही बजावतो (याकोब ३:१).

खोट्या शिकवणीचा दुसरा चेहरा हसरा असतो, आणि मला तो अधिक धोक्याचा वाटतो. देव प्रेमळ आहे, तो कोणाला जाब विचारणार नाही, एवढेच तो सांगत राहतो. यहेज्केल १३ मध्ये अशा संदेष्ट्यांना कच्च्या भिंतीला चुना फासणारे म्हटले आहे. मुसळधार पाऊस आला, की भिंत कोसळते आणि चुना कुठे गेला, असे लोक विचारतात. मृगाचा पहिला पाऊस अंगावर घेतलेल्या कोकणातल्या माणसाला या अध्यायावर भाष्य नको. भीती दाखवून प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली खपवणारा आणि भीतीच नको म्हणून पापाचे नाव टाळणारा, हे दोघेही वधस्तंभ वगळून बोलतात. खऱ्या शिकवणीत न्यायही असतो आणि त्या न्यायातून सुटण्याची वाटही असते, आणि ती वाट विकत मिळत नाही.

शिकवणीत चूक आढळली तर बोलावे कसे? अपुल्लोस आवेशाने शिकवत होता, पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी त्याला आपल्याकडे बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). पहिली भेट अशी, एकांतात आणि चहाच्या कपावर व्हावी. प्रश्न वहीतून वाचून विचारावा, म्हणजे तो रागावर न जाता मुद्द्यावर राहतो. अपुल्लोसाप्रमाणे ऐकून घेणारा शिक्षक चुकला असला, तरी खोटा नसतो. तो ऐकत नसेल, तर मत्तय १८ प्रमाणे एक-दोन साक्षीदार, आणि मग मंडळीचे वडीलजन. चूक उघडपणे शिकवली जात असेल आणि लोक बिघडत असतील, तर पौलाने अंत्युखियात केफाला, म्हणजे पेत्राला, त्याची चूक सर्वांसमोर सांगितली, तसेही सांगावे लागते. मात्र फसवणूक, मारहाण किंवा लहान मुलांवरचा अत्याचार यांपैकी काही असेल, तर हा क्रम लागू नाही; पोलिसांकडे जावे. देव न्याय करील म्हणून तक्रार करू नका, असे सांगणारे रोमकरांस १३:४ विसरतात, जिथे अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटले आहे.

वहीतली नोंद अधूनमधून उघडून पाहावी, आणि एखादी ध्वनिफीत पुढे पाठवण्यापूर्वी निदान एक रात्र जाऊ द्यावी. घरातले कोणी अशा शिकवणीत गुंतले असेल, तर त्याच्याशी येणेजाणे तोडू नये. संशयात असलेल्यांवर दया करा, असे यहूदा लिहितो, आणि त्याचे सबंध पत्र खोट्या शिक्षकांविरुद्ध आहे. परत आलेल्या माणसाला दशांशाचा, म्हणजे तिकडे दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा, हिशेब आणि गेलेली वर्षे विचारू नयेत. त्याची उपचारांची फाइल पाहावी, थकलेले हप्ते कोणते आहेत ते पाहावे, आणि पुढच्या रविवारी उपासनेला जाताना त्याच्या दारावरून जावे.