स्पॅनिशमध्ये घरच्यांबद्दल बोलताना इंग्रजीला मध्ये घेऊ नका

स्पॅनिश शिकायला येणारा मराठी माणूस बहुतेक वेळा मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि मग त्याचं स्पॅनिश करतो. रेल्वेचं तिकीट काढताना वगैरे हे खपून जातं. नात्यागोत्यांच्या विषयात मात्र हा वळसा महागात पडतो, कारण घरगुती स्पॅनिश बऱ्याच ठिकाणी मराठीच्या जवळ आहे आणि इंग्रजीपासून लांब. म्हणून मी शिकवायला सुरुवात करते तीच या विषयापासून.

उच्चाराचं आधी उरकून घेऊ. स्पॅनिशमधले त आणि द आपलेच, दंत्य. इंग्रजी ढंगाने ट आणि ड करू नका. शब्दाच्या सुरुवातीला लिहिलेला एच मुका असतो. खाली जिथे ‘ख’ दिसेल तिथे घशातून घासत येणारा आवाज काढायचा. कॅरिबियन देशांत तोच साध्या ‘ह’सारखा ऐकू येतो. मी लॅटिन अमेरिकेतले उच्चार देते आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत ‘सिंको’चं (पाच) ‘थिंको’ होतं, एवढं लक्षात असू द्या.

आधी माणसं

वडील म्हणजे पाद्रे, आई म्हणजे माद्रे. पाद्रे अगदीच परका नाही: आपला पाद्री पोर्तुगीजांकडून आला तो याच शब्दाच्या भावंडातून, आणि स्पॅनिशमध्येही चर्चच्या धर्मगुरूला पाद्रे म्हणतात. घरात हाक मारताना पापा आणि मामा. होय, मामा म्हणजे आई, आणि जोर दुसऱ्या अक्षरावर. ‘पापा’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर गेला तर लॅटिन अमेरिकेत वडिलांचा बटाटा होतो, म्हणून कान देऊन ऐका.

बाकीची बरीच नाती जोडीने येतात: पुरुषाला शेवटी ओ, बाईला आ. एर्मानो-एर्माना भाऊ-बहीण, ईखो-ईखा मुलगा-मुलगी, आबुएलो-आबुएला आजोबा-आजी, निएतो-निएता नातू-नात, सुएग्रो-सुएग्रा सासरा-सासू. तीओ-तीआ, प्रीमो-प्रीमा, सोब्रीनो-सोब्रीना आणि कुन्यादो-कुन्यादा यांच्याकडे लगेच येते. जोडी मोडणारे थोडेच: जावई येर्नो, पण सून नुएरा, नवरा मारीदो, पण बायको मुखेर. एस्पोसो-एस्पोसा (पती-पत्नी) हेही चालतं, फक्त स्पेनमध्ये ते जरा औपचारिक वाटतं.

आता गंमत. मराठीत काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान असे चार वेगळे मानाचे लोक आहेत; स्पॅनिशमध्ये चौघेही तीओ. काकू, मामी, आत्या, मावशी सगळ्या तीआ. पुतण्या आणि भाचा दोघेही सोब्रीनो. नणंद, मेहुणी, वहिनी सगळ्या कुन्यादा. मुद्दाम सांगायचंच असेल की हा मामा आहे, तर ‘तीओ पोर पार्ते दे मी माद्रे’, म्हणजे आईकडून काका-मामा. वर्गात इथे कोणीतरी हमखास कळवळून म्हणतं, ‘पण आत्या आणि मावशी एकच कशा?’ आहेत तिथे एक. पाठ करायचे शब्द कमी झाले, आनंद माना.

मात्र साडू, जाऊ आणि व्याही यांच्यासाठी स्पॅनिशकडे चोख शब्द आहेत. व्याही कोनसुएग्रो, विहीण कोनसुएग्रा. साडू कोनकुन्यादो, जाऊ कोनकुन्यादा. इंग्रजीत या नात्यांना शब्दच नाहीत, त्यामुळे इंग्रजीतून गेलेला विद्यार्थी ‘माझ्या मुलीच्या नवऱ्याचे वडील’ अशी लांबड लावतो. तुम्ही थेट कोनसुएग्रो म्हणा. आणि लग्नामुळे जोडलेल्या सगळ्या गोतावळ्याला म्हणतात फामीलिआ पोलीतिका. शब्दशः राजकीय कुटुंब. यावर टिप्पणी करत नाही.

चुलत, मामे, आते, मावस भावंडं सगळी प्रीमो किंवा प्रीमा. आपण चुलतभावालाही सरळ भाऊ म्हणतो. इथे एर्मानो म्हणालात तर समोरचा एकाच आईबापाची मुलं समजेल. जवळीक दाखवायची असेल तर प्रीमो एर्मानो म्हणा. आजोबा एक असलेल्या चुलत-मामे भावासाठी हा रीतसर शब्द आहे.

अनेकवचनात पुरुषी रूप दोघांना पुरतं. लोस एर्मानोस म्हणजे भाऊ किंवा भावंडं (लोस, आणि पुढे येणारे एल व ला, हे इंग्रजी ‘द’सारखे नामाआधी येणारे शब्द), लोस ईखोस म्हणजे मुलगे किंवा मुलंबाळं, लोस आबुएलोस म्हणजे आजीआजोबा, लोस पाद्रेस म्हणजे आईवडील. इंग्रजीतून येणारे नेमके इथे घसरतात. पारिएंतेस हा शब्द ऐकून त्यांना ‘पेरेंट्स’ आठवतात, पण पारिएंतेस म्हणजे सगळे नातेवाईक. ‘मी पारिएंतेसबरोबर राहतो’ असं म्हणणाऱ्याच्या घरी मग लोक लग्नघर कल्पितात.

माझा, तुझा, त्याचा

स्पॅनिश मी म्हणजे ‘माझा, माझी, माझं’. मराठी मी नव्हे; त्याला यो म्हणतात आणि तो बहुतेक वेळा गाळतात, कारण क्रियापदावरूनच कर्ता कळतो, आपल्या ‘येते हं’सारखा. मी माद्रे, माझी आई. मी एर्मानो, माझा भाऊ. माणसं अनेक असतील तर मीस: मीस एर्मानोस. तसंच तू-तूस (तुझा, तुझे) आणि सू-सूस.

आमचा-आपला यासाठी नुएस्त्रो, आणि हा लिंगानुसारही बदलतो: नुएस्त्रो आबुएलो, नुएस्त्रा आबुएला, नुएस्त्रोस तीओस. आमचे आजोबा, आमची आजी, आमचे काका. मराठी माणसाला हे समजावून सांगावंच लागत नाही.

‘सू’ मात्र त्रासदायक आहे. त्याचा, तिचा, त्यांचा, तुमचा, सगळ्यांना एकच सू. ‘सू एर्माना’ म्हणजे कोणाची बहीण हे संदर्भावरून कळत नसेल तर मोकळं करून सांगायचं: ला एर्माना दे एया, तिची बहीण.

हा ‘दे’ म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त उलट बाजूने लावलेला. ‘माझ्या आईच्या बहिणीचा मुलगा’ हे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा: एल ईखो दे ला एर्माना दे मी माद्रे. कितीही लांब नातं असू द्या, मराठीत मनात म्हणा आणि शेपटाकडून उलगडत या. एकच जोडणी ध्यानात ठेवा: ‘दे’नंतर ‘एल’ आला की दोघांचं देल होतं.

‘ला’ची जागा घेणारा आ

इंग्रजीतून शिकणाऱ्यांना सगळ्यात छळणारा नियम आपल्याला जवळजवळ फुकट मिळतो. मराठीत ‘मी पुस्तक शोधते’, पण ‘मी भावाला शोधते’. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला ‘ला’. स्पॅनिशमध्ये अगदी असंच: बुस्को एल लिब्रो, पण बुस्को आ मी एर्मानो. हा ‘आ’ म्हणजे आपला ‘ला’, फक्त शब्दाच्या आधी येतो.

विसीतो आ मीस तीओस: काकांना भेटायला जाते.
कीएरो आ मी आबुएला: माझं आजीवर प्रेम आहे.
मे पारेस्को आ मी पाद्रे: मी वडिलांसारखी दिसते.

तिसऱ्या वाक्यातला ‘आ’ खरं तर निराळ्या कारणाने येतो, पण वाक्य इतकं उपयोगी आहे की इथेच पाठ करून टाका. ‘आ’नंतर एल आला की आल.

अपवाद लगेच सांगते, कारण तो रोज लागतो. ‘असणे’ या अर्थाच्या तेनेरबरोबर साधारणपणे ‘आ’ येत नाही: तेंगो दोस एर्मानोस, मला दोन भाऊ आहेत.

आणि हो, तेनेरच्या बाबतीत मराठी मदतीला येत नाही. आपण ‘मला आहेत’ म्हणतो; स्पॅनिश माणूस नाती ‘बाळगतो’. तेंगो (मी), तिएनेस (तू), तिएने (तो, ती, आदराने ‘तुम्ही’), तेनेमोस (आम्ही), तिएनेन (ते). स्पेनमध्ये ‘तुम्ही सगळे’साठी तेनेइस हे आणखी एक. ही रूपं घोकावीच लागतात, कारण वयसुद्धा यांनीच सांगतात: मी आबुएला तिएने ओचेंता आन्योस, आजी ऐंशी वर्षांची आहे. ‘आन्योस’मधला न्य स्वच्छ म्हणा. नुसता न म्हणालात तर वर्षांऐवजी शरीराच्या मागच्या एका भागाची संख्या सांगितल्यासारखं होतं.

घरात किती माणसं, हे सांगताना मात्र पुन्हा मराठी: एन मी कासा सोमोस सिंको, घरात आम्ही पाच जण आहोत. सोमोस म्हणजे ‘आहोत’.

‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, एस आणि एस्ता. त्यावर ग्रंथ होऊ शकतो. घरच्यांपुरतं एवढं पुरे. नातं आणि व्यवसाय ‘एस’ने: मी पाद्रे एस मेदिको, माझे वडील डॉक्टर आहेत. आपण ‘एक डॉक्टर आहेत’ म्हणत नाही, तेही म्हणत नाहीत. इंग्रजीची सवय असलेला तिथे ‘उन’ (एक) घुसडतो. लग्न झालंय, हे ‘एस्ता’ने: मी एर्माना एस्ता कासादा. आणि एखादी व्यक्ती हयात नाही हेही ‘एस्ता’नेच: एस्ता मुएर्तो. मृत्यू कायमचा असतो हा तर्क इथे लावू नका. सभ्यपणे बोलायचं तर मी आबुएलो फायेसिओ, आजोबा वारले.

सरावाला एक घर

स्वतःच्या घराआधी दुसऱ्याचं घर घ्या, म्हणजे संकोच होत नाही. मी पिकासोचं घेते, कारण त्यात सगळं सापडतं. पाब्लो रुईस पिकासो, जन्म मालागा, १८८१. वडील खोसे रुईस चित्रकला शिकवायचे, आईचं नाव मारीआ पिकासो, लोला ही धाकटी बहीण. मुलं चार: पाउलो, माया, क्लोद आणि पालोमा. सरावापुरता वर्तमानकाळच वापरू.

ला माद्रे दे पाब्लो से यामा मारीआ: पाब्लोच्या आईचं नाव मारीआ.
लोला एस सू एर्माना मेनोर: लोला त्याची धाकटी बहीण. (थोरली असती तर मायोर.)
पाब्लो तिएने कुआत्रो ईखोस: त्याला चार मुलं आहेत.
लोला एस ला तीआ दे पालोमा: लोला पालोमाची आत्या.

क्लोद आणि पालोमा सख्खे. पाउलो आणि पालोमा यांचे वडील एक, आया वेगळ्या. त्यांना मेदिओस एर्मानोस म्हणायचं, अर्धे भाऊबहीण. रक्ताचं नातं नसलेलं, आईवडिलांच्या दुसऱ्या लग्नामुळे आलेलं भावंड ते एर्मानास्त्रो. आपल्या ‘सावत्र’मध्ये दोन्ही बसतात, म्हणून इथे क्षणभर थांबून विचार करा.

आडनावांचाही धडा याच घरात मिळतो. रुईस वडिलांकडचं, पिकासो आईकडचं. स्पॅनिशभाषक जगात बहुतेक ठिकाणी माणसाला अशी दोन आडनावं असतात आणि स्पेनमध्ये लग्नानंतर बाई आपली आडनावं बदलत नाही. त्यामुळे नवराबायकोची आडनावं वेगळी दिसली तर तर्ककुतर्क नकोत. वडिलांचं पहिलं, आईचं दुसरं हा जुना क्रम. स्पेनमध्ये १९९९च्या कायद्याने आईवडिलांना तो उलटवायची मुभा मिळाली आणि २०१७पासून वडिलांच्या आडनावाला आपोआप मिळणारं अग्रस्थानही गेलं. आपल्याकडे ज्या लेखकाला सर्रास नुसतं ‘मार्केझ’ म्हणतात ते गाब्रिएल गार्सिया मार्केस आहेत. मार्केस हे त्यांच्या आईचं. पिकासोने फक्त आईचं आडनाव ठेवलं ही त्याची निवड, रीत नव्हे.

हे जमलं की स्वतःच्या घराचा तक्ता काढा. प्रत्येक नावाखाली नातं आणि एक खरं वाक्य लिहा: कोणाचं कोणाशी पटतं (मे येवो बिएन कोन मी सुएग्रा, माझं सासूशी छान जमतं), कोण कोणासारखं दिसतं, कोण काय करतं. खोटी, पुस्तकी वाक्यं लिहू नका, ती तोंडी बसत नाहीत.

कोणाशी कसं बोलायचं

तू आणि उस्तेद हा आपला तू-तुम्हीचाच प्रकार, पण वाटणी वेगळी. स्पेनमध्ये मुलं सहसा आईवडिलांना, आजीआजोबांनाही तूच म्हणतात. कोलंबियात मात्र अनेक घरांत आईवडिलांना उस्तेद चालतं. उस्तेदबरोबर क्रियापद ‘तो-ती’चं: उस्तेद तिएने. अर्जेंटिनात तूऐवजी वोस आणि तिएनेसऐवजी तेनेस.

मेक्सिकोत दुसऱ्याच्या आईबद्दल विचारताना ‘तू माद्रे’ टाळा, ‘तू मामा’ म्हणा. तिथे माद्रे हा शब्द शिव्यांत फार वापरला जातो. स्पेनमध्ये तरुण पोरं एकमेकांना तीओ म्हणताना ऐकलीत तर तो काका-मामा नसतो, ‘अरे लेका’ असतो.

पहिल्या भेटीत हमखास येणारे प्रश्न दोन. ‘तिएनेस एर्मानोस?’ याला एकुलते एक असाल तर ‘नो, सोय ईखो ऊनिको’, मुलगी असाल तर ‘ईखा ऊनिका’. दुसरा, ‘कोमो एस्ता तू फामीलिआ?’ आपण ‘घरचे कसे आहेत’ असं अनेकवचनात विचारतो; फामीलिआ मात्र एकवचनी, म्हणून एस्ता. उत्तर द्या, ‘तोदोस बिएन, ग्रासिआस. ई ला तूया?’ सगळे मजेत, आणि तुझ्याकडचे? फामीलिआ स्त्रीलिंगी, म्हणून तूया, तूयो नाही.