वस्तीत आरोग्याचं काम सुरू करताय? आधी गल्ली पाठ करा

गोवंडी, मानखुर्द, मालवणी, धारावी. एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) किंवा नर्सिंगच्या फील्डवर्कसाठी मुंबईतल्या अशा वस्त्यांत येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो: दवाखाना हाकेच्या अंतरावर असूनही लोक जात का नाहीत? अंतराची अडचण कमी, वेळेची आणि कागदांची जास्त. सकाळची ओपीडी गाठायची तर नाक्यावर उभं राहणाऱ्याचा रोज बुडतो, घरकामाच्या बाईचा खाडा पडतो. मग रात्री गल्लीतल्या डॉक्टरकडे एक सुई आणि तीन दिवसांच्या गोळ्या. तिला अडाणी म्हणण्याआधी तिचा हिशोब मांडून बघा, तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. २०२२ पासून सुरू झालेल्या महापालिकेच्या ‘आपला दवाखान्या’मुळे संध्याकाळची सोय झाली आहे. पण आपल्या भागातला दवाखाना किती वाजेपर्यंत असतो आणि डॉक्टर प्रत्यक्ष कधी बसतात, हे स्वतः दोन-तीन वेळा जाऊन बघा. चुकीची वेळ सांगून एकदा फेरी फुकट घालवलीत, की ती बाई पुन्हा तुमचं ऐकणार नाही.

पहिले पंधरा दिवस फक्त नकाशा करा. एकाच दारावर तीन नंबर दिसतील: सर्वेक्षणाचा रंगवलेला, लाइट मीटरचा आणि पोलिओवाल्यांची खडूची खूण. ५४ च्या शेजारी ११२ असू शकतो, कारण एका खोलीच्या दोन झाल्या आणि वर माळा चढला. म्हणून तिन्ही नंबर लिहा. सोबत खूण लिहा: संडासाच्या मागची दुसरी शिडी, पिठाच्या गिरणीसमोर. माळ्यावरचं बिऱ्हाड वेगळं घर म्हणून मोजा, तेच यादीतून निसटतं. नाल्याच्या कडेला ताडपत्रीची नवी घरं झालेली असतात, ती जुन्या यादीत नसतातच. त्यांच्यासाठी पल्स पोलिओचं नियोजन मागा. त्यात जोखमीच्या जागा वेगळ्या लिहिलेल्या असतात, म्हणून ते बरंच पूर्ण असतं. आणि हेल्थ पोस्टच्या, म्हणजे पालिकेच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या, आरोग्य सेविकेला सोबत घेतल्याशिवाय फिरू नका. कोणत्या घरात कोण बाळंत झालं, हे तिला तोंडपाठ असतं.

आधारवर पत्ता गावचा आहे म्हणून बाळाला लस मिळणार नाही, असं बऱ्याच आयांना वाटतं. लसीला आधार लागत नाही. दुसरी अडचण कुपीची असते. गोवर-रुबेलाची कुपी फोडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. त्यामुळे एकच मूल आलं तर ‘पुढच्या वेळी या’ म्हटलं जातं. नियमाप्रमाणे एका मुलासाठीही कुपी फोडायची असते. तरी लसीकरण सत्राच्या आदल्या संध्याकाळी पाच-सहा घरांत निरोप देऊन मुलं एकत्र आणलीत, तर वाद घालायची वेळच येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ क्षयरोग खातो. थुंकीचे दोन नमुने लागतात: एक तिथल्या तिथे, एक सकाळी उठल्या उठल्या. डबीत लाळ आली तर तपासणी वाया. चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून काढायचं, हे स्वतः करून दाखवा. नमुना उघड्यावर घ्या, दहा बाय दहाच्या खोलीत किंवा संडासात नको. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते आणि गोळ्या सुटतात तिथेच. दुसरी गळती मे महिन्यात, गावी जाताना. एप्रिलपासूनच प्रत्येकाला विचारा: तिकीट कधीचं, गाव कुठलं? निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदणीचा नंबर) कार्डावरून फोनमध्ये उतरवून द्या, गावच्या केंद्राकडे बदली नोंदवा आणि प्रवासापुरत्या गोळ्या बांधून द्या. ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणजे महिनाभर औषध बंद.

क्षयरुग्णाला पोषण आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आधी ५०० मिळायचे. पैसे आले नाहीत की रुग्ण कार्यकर्त्यालाच धरतो. बहुतेक वेळा घोळ बँकेत असतो. खात्याला आधार जोडलं म्हणजे काम झालं असं नाही, आधारवर येणारे सरकारी पैसे त्याच खात्यात वळवले आहेत का, हे बँकेत स्पष्ट शब्दांत विचारावं लागतं. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात. ते खातं कुठलं, हे बऱ्याच जणांना आठवतही नसतं. आधी ते शोधा, अर्ज नंतर.

मोठ्या आजाराला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे: कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, ठरावीक उपचारांसाठी, योजनेतल्या रुग्णालयात. तिथे आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर रेशन कार्ड दाखवायचं. गावचं, पण महाराष्ट्रातलं कार्ड चालतं. बिहार-उत्तर प्रदेशातल्या कुटुंबाकडे मात्र त्यांच्या राज्याचं आयुष्मान कार्ड आहे का विचारा, ते इथेही वापरता येतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बहुतेक वेळा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागतात. तो रुग्ण आत गेल्यावर काढायला धावू नका, शस्त्रक्रियेची तारीख ठरली त्याच दिवशी अर्ज टाका.

आता गरोदर बायकांबद्दल. माळ्यावर लोखंडी शिडीने चढणारी बाई नववा महिना लागण्याआधी खाली राहायला यावी, शेजारी नाही तर नणंदेकडे. हे सासूशी बोला, सुनेशी नुसतं बोलून उपयोग नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार असेल तर सगळे कागद सोबत जाऊ द्या आणि प्रत्येकाचा फोटो आपल्याकडे ठेवा. १०८ ची गाडी गल्लीत शिरत नाही. प्रत्येक गल्लीसाठी गाडी थांबण्याची जागा आधीच ठरवा आणि फोनवर तीच सांगा, घर नंबर नको. रुग्णाला तिथवर आणायला हातांची प्लास्टिकची खुर्ची आणि चार माणसं लागतात. खुर्ची वळणावर अडकते का, हे एकदा रिकामी नेऊन बघा.