मृगाआधी तलावावर एक फेरी

आपल्या माणदेशात तलाव भरेल का याची चिंता सगळ्यांना, फुटेल का याची कुणालाच नाही. १९७२ च्या दुष्काळी कामांवर झालेले हे पाझर तलाव. वर्षातले कितीतरी महिने तळ दाखवतात आणि उत्तरा-हस्ताच्या एखाद्या रात्रीत तुडुंब होतात. म्हणून फेरी मे महिन्यातच.

आधी भरावावर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर नाही, सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर जायचं. तिथं काटेरी झुडपं, कडब्याची गंज, म्हशींचं छप्पर असेल तर हलवायचं. गेल्या साली जादा पाण्यासाठी सांडव्यावर रचलेली पोती उचलायची. यावरून भांडण होणारच, कारण हातभर जादा पाण्यानं खालच्या विहिरी जास्त दिवस टिकतात हे खोटं नाही. पण सांडवा आणि भरावाचा माथा यांतली उंची पुरासाठी सोडलेली असते. पाणी माथ्यावरून गेलं की माती कापतच जाते, मग दगड-पोती कुणाच्या बापाला आवरत नाहीत.

मग माथा. गुरं-ट्रॅक्टरनं बसलेल्या जागी मुरूम टाकून, पाणी मारून, थराथरानं धुमसायचा. बाभळीची रोपं लहान असतानाच मुळासकट उपटा. मोठं झाड नुसतं तोडलं तर मुळं आत कुजून पाण्याला वाट होते, तिथं अभियंत्याला विचारा. घुशी-खेकड्यांची बिळं, पावसाच्या घळी बुजवा. पिचिंगचे, म्हणजे भरावाच्या पाण्याकडच्या उतारावर रचलेले दगड कुणाच्या जोत्यात गेलेत ते गावाला माहीत असतंच, परत आणायला लावा.

गाळ जरूर न्या, शेताला सोनं आहे, तलावही मुरायला मोकळा होतो. फक्त जेसीबी भरावाच्या पायथ्याला लागू देऊ नका.

पाणी आल्यावर रोज ओढ्याच्या अंगाला चक्कर. पायथ्याचा पाझर काचेच्या पेल्यात धरा. नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल, तळाला माती बसली, तर भरावातली माती निघतेय. बाहेरून चिखल थापून तोंड बंद करू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. पाझराच्या तोंडावर वाळू, वाळूवर खडी, खडीवर दगड टाका आणि लगेच तलाठ्याला, तहसीलला, १०७७ या जिल्हा आपत्ती कक्षाच्या नंबरला कळवा.

चिपळूणजवळचं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला रात्री फुटलं, माणसं घरातच होती. म्हणून ओढ्याकाठच्या वस्त्यांची नावं आताच लिहून काढा. रेंज गेली तर बॅटरी घेऊन कुठल्या वस्तीवर कोण पळणार, आणि देवळाच्या भोंग्याची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही.