‘रूम २३७’ बघण्याआधी आणि बघताना

रॉडनी ॲशर यांचा ‘रूम २३७’ (२०१२) हा माहितीपट दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ या हॉटेलात घडणाऱ्या भयपटावर (१९८०) रचलेल्या तर्कांचा आहे. बोलणाऱ्यांचे चेहरे त्यात दिसत नाहीत, नुसते आवाज ऐकू येतात. त्यामुळे प्रत्येक दावा चटकन पटतो. म्हणून क्रम पाळा: आधी मूळ चित्रपट, मगच माहितीपट. उलट केलंत तर नजर दाखवलेल्या जागीच जाते.

इंदूरमध्ये रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपून नऊला बसा आणि पडदे घट्ट ओढा, कारण अंधाऱ्या कोपऱ्यांतले तपशील उजेडात दिसत नाहीत. चित्रपट १४४ मिनिटांचा, माहितीपट १०२ चा. मध्ये जेवण धरलंत तर तीनपर्यंत मोकळे व्हाल. प्रत घेण्याआधी लांबी तपासा. युरोपातली आवृत्ती ११९ मिनिटांची आहे, तिच्यात प्रसंगच कमी आहेत. लांबी १३८ दिसली तर प्रत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतेय. प्रसंग सगळे असतील, पण तुमच्या वेळा इतरांशी जुळणार नाहीत.

वहीत तीन रकाने आखा: वेळ, पडद्यावर काय दिसलं, त्यावरून काय म्हणतात. दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र झाला की तपासणी संपलीच. हॉटेलच्या कोठारातल्या कॅल्युमेट बेकिंग पावडरच्या डब्यांवर अमेरिकेतल्या मूळनिवासी सरदाराचं चित्र आहे, हे दुसऱ्या रकान्यात. चित्रपट मूळनिवासींच्या संहाराबद्दल आहे, हे तिसऱ्यात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबल्यावर एकेक चौकट पुढे सरकते. खेळण्याच्या खोलीतलं पोस्टर असंच थांबवून बघा: कुणाला त्यात मिनोटॉर (ग्रीक पुराणातला बैलाच्या डोक्याचा राक्षस) दिसतो, कुब्रिकचे सहायक लिऑन व्हिटाली मात्र तो स्कीइंग करणारा माणूस आहे असंच सांगत.

हॉटेलच्या व्यवस्थापकाच्या खोलीतल्या अशक्य खिडकीसाठी आलेखाचा कागद घ्या आणि नायक जॅक चालतो तसा नकाशा काढत जा. खिडकीमागे बाहेरची जागा उरत नाही, हे निरीक्षण खरं आहे. पण हॉटेलचं आतलं सगळं इंग्लंडमधल्या एल्स्ट्री स्टुडिओत उभारलेलं होतं, हेही नकाशाशेजारी लिहा. तसंच खोलीच्या आकड्याचं: चित्रपटात ती २३७, स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीत २१७ आहे; बाहेरच्या दृश्यांसाठी वापरलेल्या टिंबरलाइन लॉजने पाहुणे त्या खोलीत राहायला घाबरतील म्हणून बदल मागितला. कुब्रिकनेच चंद्रावर उतरल्याची दृश्यं बनावट चित्रित केली असं मानून, चंद्राचं अंतर २ लाख ३७ हजार मैल म्हणून हा आकडा, असं म्हणणाऱ्यांना सांगा की सरासरी अंतर सुमारे २ लाख ३९ हजार आहे.

सगळ्यात गमतीचा प्रयोग सुलट-उलट एकावर एक दाखवण्याचा. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रपट दोन पट्ट्यांवर ठेवा, वरची शेवटाकडून सुरुवातीकडे चालेल अशी करा, तिची अपारदर्शकता ५० टक्के करा. बरोबर मध्यावर दोन्ही चित्रं एकच व्हायला हवीत. नाही झाली तर एका पट्टीचं टोक सरकलंय किंवा सुरुवातीचं बोधचिन्ह एकीकडेच कापलंय. चेहरे दारांवर, माणसं बोळांवर नेमकी बसतात आणि अंगावर काटा येतो. कुब्रिक विषय चौकटीच्या मधोमध ठेवतो, त्यामुळे हे जुळणारच. खात्रीसाठी दुसरा कुठलाही चित्रपट असाच लावा आणि दहा मिनिटांत किती जुळण्या सापडतात ते त्याच वहीत मोजा.