दंडघेर मोजताना पट्टी आवळू नका

मूल कुपोषित आहे का हे ‘बघितलं की कळतं’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. अंगावर सूज असलेलं मूल गुबगुबीत दिसतं आणि तेच सगळ्यात जास्त धोक्यात असतं. दंडघेराची रंगीत पट्टी घ्या आणि मोजा.

ही मोजणी ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी आहे, म्हणून आधी वयाची खात्री करा. मुलाला आईच्या मांडीवर बसू द्या. डाव्या हाताची बाही पूर्ण काढा. वर गुंडाळलेली बाही दंडाला आवळते आणि आकडा चुकतो.

आता दंडाचा मध्य. कोपर काटकोनात वाकवा, खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने चाचपून शोधा. तिथपासून कोपराच्या टोकापर्यंत दोरी धरा, दुमडून अर्धी करा आणि पेनाने खूण करा. ‘मधोमध असेल’ असा अंदाज नको. खूण झाली की हात सरळ खाली सैल सोडायचा. वाकवलेल्या हातावरच मोजणारे मी बरेच पाहिलेत.

पुढचं काम पट्टीच्या ताणाचं, आणि इथेच मी कित्येक महिने चुकत होते. पट्टी नीट बसावी म्हणून मी ती ओढायचे. एकदा माझ्यानंतर लगेच एका अनुभवी ताईंनी त्याच मुलाचा दंड मोजला. माझा आकडा ११.३ सेंमी, त्यांचा ११.८. माझ्या हिशेबाने मूल तीव्र कुपोषित, त्यांच्या हिशेबाने मध्यम, उपचारच वेगळे. मग घाबरून मी पट्टी ढिली धरू लागले. ते तर आणखी वाईट, कारण ढिल्या पट्टीत लाल (तीव्र कुपोषित) मूल पिवळं (मध्यम) दिसतं आणि उपचाराशिवाय घरी जातं.

पट्टी सगळीकडून कातडीला टेकली पाहिजे. कडेला कातडी दबून फुगली तर घट्ट झाली. खालून उजेड दिसला तर ढिली. डोळा पट्टीच्या पातळीवर आणा आणि आकडा मिलिमीटरपर्यंत वाचा. ११.४ चे ११.५ करू नका. मूल रडत असेल तर थांबा, ताठ हाताचा आकडा खरा नसतो. आकडा सीमेजवळ आला की पट्टी काढून पुन्हा मोजा. हात बसवायचा असेल तर दहा मुलं दोनदा मोजा, दुसऱ्या वेळी पहिले आकडे झाकून. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडत असेल तर अजून सराव हवा.

दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर दंडघेर काहीही येवो, ते तीव्र कुपोषण आहे.

११.५ च्या खाली लाल, ११.५ पासून १२.५ च्या आत पिवळा, पुढे हिरवा. २००९ पर्यंत लाल रेघ ११ वर होती, त्यामुळे जुनी पट्टी सापडली तर फेकून द्या. लाल किंवा सूज असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. मूल खात नसेल, सगळं उलटून टाकत असेल, मलूल पडलं असेल तर थेट रुग्णालयात. घरी खाऊ घालून बघू, असं कुणालाही म्हणू देऊ नका. पिवळा असेल तर पूरक आहाराची नोंद करा आणि ठरल्या दिवशी पुन्हा मोजा.

पट्टी बाहेर आहेच, तर आईचाही दंड मोजा. गरोदरपणात पोटाबरोबर वजन वाढतं आणि तिचं कुपोषण त्याखाली झाकलं जातं. दंड मात्र फारसा बदलत नाही. मोठ्यांची पट्टी वेगळी असते. बऱ्याच कार्यक्रमांत २३ सेंमीखालची आई कुपोषित धरतात, काही ठिकाणी २१. तुमच्याकडची मर्यादा आधी विचारून ठेवा.

निघताना मुलाची पट्टी आईकडेच ठेवा. त्याआधी तिच्याकडून एकदा मोजून घ्या. शेजारी बसा, पण तिच्या हातातली पट्टी ओढून घेऊ नका. रंग बघायला वाचता यावं लागत नाही, आणि मूल रोज तिच्याच हातात असतं.