जुन्या गॅस टर्बाइनचं एक्झॉस्ट बदलताय? या चुका टाळा

उरण-ट्रॉम्बेकडच्या जुन्या गॅस टर्बाइनचं एक्झॉस्ट, म्हणजे गरम वायू चिमणीपर्यंत नेणारा डक्ट, बदलायचं ठरलं की सगळी चर्चा पत्र्याच्या ग्रेडची आणि दराची होते. पत्रा बहुतेक वेळा चांगलाच येतो. त्याची माती होते ती बसवताना.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती कापडी एक्स्पान्शन जॉइंटवर (डक्ट तापून वाढतो ती वाढ झेलणारा लवचिक जोड) लॅगिंग, म्हणजे बाहेरून उष्णता अडवणारं आवरण, चढवलेलं पाहून. आतला वायू साडेपाचशे अंशांच्या आसपास असतो. बाहेरचा कापडी पट्टा टिकतो तो आतल्या इन्सुलेशनच्या गादीमुळे आणि बाहेरून मोकळी हवा लागते म्हणून. ही हवा अडवली की उष्णता पट्ट्यातच कोंडते. त्यातला पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) थर सतत सोसतो तो जेमतेम 260 अंशांपर्यंत.

खाडीपलीकडच्या एका कारखान्यात जॉइंट बाहेरून तापतोय अशी तक्रार आली. खरं तर आतली गादी खाली बसली होती. पण शटडाउन वाढवायचा नव्हता, म्हणून कंत्राटदाराने वरून जाड लॅगिंग गुंडाळलं, त्यावर चकचकीत पत्रा मारला आणि बिल लावलं. पाहणीला आलेले सगळे खूश. पुढच्या वेळी पत्रा उघडला तेव्हा वरच्या कोपऱ्यातलं कापड हातात चुरत होतं आणि शेजारच्या ट्रेमधल्या केबलींचं आवरण वितळलं होतं. जॉइंट तापला तर आत जाऊन गादी बघा. दुसरा इलाज नाही.

दुसरी चूक लायनर, म्हणजे इन्सुलेशन झाकणारा आतला पत्रा, घट्ट करण्याची. आतून इन्सुलेशन असलेल्या डक्टमध्ये बाहेरचं कवच, म्हणजे केसिंग, थंड राहतं, लायनर तापतो. 304 स्टेनलेस स्टीलची 3 मीटरची शीट साडेपाचशे अंशांना जवळपास 28 मिलिमीटर वाढते. म्हणून शीट एका मध्यबिंदूवर धरायची, बाकी स्टडना (शीट धरणाऱ्या आट्यांच्या दांड्यांना) मोठी भोकं ठेवायची आणि जोड कौलांसारखे वायूच्या दिशेने एकावर एक घ्यायचे. नवा वेल्डर मात्र म्हणतो, "साहेब, ढिलं ठेवलं तर खडखडेल," आणि वॉशरच शीटला टॅक करून (वेल्डचा ठिपका मारून) मोकळा होतो. मग शीट फुगते, स्टडच्या मुळाशी तडा जातो आणि इन्सुलेशन वायूबरोबर चिमणीतून उडून जातं. टॅक नटाचा स्टडला करायचा, शीटला कधीच नाही. केसिंगवर हॉट स्पॉट दिसला की बाहेरून पट्टी मारणारे तर मला बिलकूल पटत नाहीत.

सायलेन्सर बदलताना स्वस्तातले, वायूला जास्त अडवणारे बॅफल (आवाज शोषणारे आतले पडदे) घेऊ नका. दर 10 मिलिबार जादा बॅकप्रेशरला (वायू बाहेर पडताना टर्बाइनवर उलटा येणारा दाब) सुमारे 0.4 टक्के पॉवर जाते.

जून तोंडावर असताना इन्सुलेशन उघडं टाकू नका. भिजलेली गादी वाळली तरी पूर्वीसारखी फुगत नाही.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या काड्या, आधी काढून ठेवा. प्लेनममध्ये (टर्बाइनमधून वायू जिथे बाहेर येतो त्या मोठ्या पेटीत) काम करणारी माणसं त्यांच्यावरच पाय देतात.

जुन्या बोल्टांवर किंवा लॅगिंगखाली पिवळी भुकटी दिसली तर ब्रशने झाडू नका. कॅल्शियम असलेलं ग्रीस किंवा इन्सुलेशन आणि स्टीलमधलं क्रोमियम तापून हेक्साव्हॅलंट क्रोमियम बनतं, आणि त्याने कर्करोग होतो. काम थांबवा, सेफ्टीवाल्यांना बोलवा. इथे मी कुणाचीही घाई ऐकून घेत नाही.

नवं एक्झॉस्ट एकदा पूर्ण लोडला तापून थंड झालं की मी मॅनहोल पुन्हा उघडायला लावतो. एक दिवस जातो, कुरकुर होते. बॅटरी घेऊन आत जायचं आणि प्रत्येक शीटची कड बघायची. जी सरकल्याची खूण दाखवत नाही, तिथला टॅक त्याच दिवशी ग्राइंड करून काढायचा.